निळ्या टबातली घाण

कामाच्या पहिल्याच सोमवारी मी दोन-अडीच हजार जेलीफिशचे आईबाप घासणीनं खरवडून गटारात सोडले. वरून गरम पाणी ओतलं आणि वास राहू नये म्हणून व्हिनेगरही. मग टब उन्हात पालथा घातला आणि स्वतःवर इतका खूश झालो की एक चहा जास्त प्यालो.

आता माझीही बाजू ऐका. मत्स्यालयातली सगळ्यात शेवटची खोली मामाची. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ. त्याच्या खोलीत जेलीफिश, प्रवाळ आणि समुद्रफुलं. एकालाही हाड नाही, म्हणून बाकीचा स्टाफ तिला ‘बिनहाड्यांची खोली’ म्हणायचा. सोमवारी मत्स्यालय बंद असतं. मामा दातांच्या डॉक्टरकडे निघाला होता. जाताना एवढंच म्हणाला, “उद्या साहेब येणारेत. खोली लख्ख दिसली पाहिजे.”

निळ्या टबाला हात लावू नको, असं तो म्हणाला नाही. घर झाडायला सांगताना आजीला बाहेर टाकू नको असं कोणी वेगळं सांगत नाही, तसंच ते. पण ते मला नंतर कळलं. टबात फरशीचे तुकडे तिरके टेकवून ठेवले होते आणि त्यांच्या खालच्या अंगाला पांढरट लव आली होती. आमच्या गावच्या शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक बरणी आणि बरणीत एक बेडूक होता. तोच बेडूक माझ्या वडिलांनीही पाहिला होता. एवढ्या अभ्यासाच्या बळावर मी ठरवलं, ही बुरशी आहे.

मामा दुपारी परत आला. “अरे वा, फरशीत तोंड दिसतंय,” म्हणाला. मग त्याला खिडकीतून उन्हातला टब दिसला. आपल्याच दारावर दुसऱ्याचं कुलूप दिसावं तसा त्याचा चेहरा झाला. तो स्टुलावर बसला, तोंडातून खालची कवळी काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. असं तो दोनच वेळा करतो, जेवताना आणि फार राग आल्यावर. आणि समोर डबा नव्हता.

“घासलास?”

“हो मामा.”

“सगळा?”

“कोपऱ्यांसकट.”

“आणि ते व्हिनेगर कुणी सांगितलं?”

“माझं मीच.”

“हुशार आहेस,” मामा म्हणाला. “तुझ्या आईला फोन करून सांगतो, मुलगा आपल्या डोक्यानं काम करतो म्हणून.”

मग त्यानं मला गोल टाकीसमोर उभं केलं. जेलीफिशची टाकी गोल असते, कारण चौकोनी टाकीत त्या कोपऱ्यात अडकतात आणि काचेवर आपटून फाटतात. मेंदूच नाही, तर वळायचं कुणाच्या सल्ल्यानं? पाणीच त्यांना हळूहळू गोल फिरवत राहतं. आत चौदा जेलीफिश होत्या, बशीएवढ्या आणि दुधाळ, प्रत्येकीच्या मधोमध घोड्याच्या नालेसारखे चार आकार.

“या कुठून आल्या?” मामानं विचारलं.

“समुद्रातून.”

“तुझ्या गटारातून.”

मग त्यानं समजावलं. जेलीफिशच्या अंड्यातून थेट जेलीफिश निघत नाही. आधी एक सूक्ष्म अळी निघते, ती थोडं पोहून एखाद्या कडक जागेला चिकटते आणि तिचा होतो पॉलिप: दोन-तीन मिलिमीटरचा देठ, वर तोंड आणि तोंडाभोवती केसांसारख्या शुंडा. तो दिसतो पिटुकल्या समुद्रफुलासारखा. वर्षानुवर्षं एका जागी बसून खातो आणि अंगाला कळ्या फुटून एकाचे दहा होतात. पाणी गार झालं की त्याच्या अंगाला आडव्या चिरा पडतात. बश्यांची चळत लावावी तसा तो दिसायला लागतो आणि वरची एकेक बशी सुटून पोहायला लागते. ती बशी म्हणजे बाळ जेलीफिश.

“म्हणजे मी...”

“तू बश्यांचा कारखाना धुतलास.”

“पण मामा, या चौदा म्हाताऱ्या आहेत की. यांना होतील पिल्लं.”

“कशी होतील? सगळे बाप्ये आहेत. एकाच पॉलिपच्या कळ्यांतून निघालेत, त्यामुळे सगळी एकच जात. आणि वर्षभराचं आयुष्य त्यांचं. दहा महिने झाले.”

गोष्ट एवढ्यावरच असती तर मी चार शिव्या खाऊन सुटलो असतो. पण मामा तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता. आणि साहेबांनी, म्हणजे मत्स्यालयाच्या संचालकांनी, हातात घड्याळ घेऊन मोजलं होतं की लोक शार्कसमोर सरासरी नऊ मिनिटं थांबतात आणि बिनहाड्यांच्या खोलीत अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांतही काही जण फक्त बाहेरची वाट विचारतात. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “तुम्ही आहात तोवर राहू दे. तुम्ही गेल्यावर गोल टाकी रिकामी दिसली, तर इथं कापडी माशांचं दुकान. नव्या जेलीफिशसाठी मी पत्रव्यवहार करणार नाही. ज्यांना मेंदूच नाही त्यांच्यासाठी माझा कशाला खर्च करू?”

मामानं ते तेव्हा निमूट ऐकलं होतं, कारण त्याच्याकडे निळा टब होता.

मामा इथं आला एकतीस वर्षांपूर्वी, नळ दुरुस्त करायला. आठवीपर्यंत शिकलेला प्लंबर. या खोलीत एक पाइप गळत होता. तो आवळता आवळता त्याचा हात मागच्या टाकीत गेला आणि समुद्रफुलानं डंख केला. दुसरा कोणी हात झटकून बिल देऊन गेला असता. मामा दोन तास काचेला नाक लावून बसला. डोळे नसताना फुलानं आपल्याला ओळखलं कसं, हा त्याचा प्रश्न होता. त्या वेळच्या साहेबांनी त्याला सांगितलं की ओळखत-बिळखत काही नाही. शुंडांवर हजारो बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत गुंडाळलेला विषारी दोरा. स्पर्श झाला की दोरा सुटतो. जेलीफिशकडेही त्याच कुप्या आणि प्रवाळाकडेही. म्हणजे हे सगळं एकच खानदान. मामानं तिथंच विचारलं, “इथं कायमचा प्लंबर लागतो का?”

तेव्हापासून त्याच्यासाठी ती खोली म्हणजे नातेवाईक. मोठं समुद्रफूल म्हणजे आत्या, कारण जागा सोडत नाही, सोडलीच तर रुसल्यासारखी इंच इंच सरकते, आणि जवळ घेते तेव्हाच डंख करते. तिच्या अंगाखांद्यावर खेळणारे दोन नारिंगी मासे, खोलीत हाडं असलेले तेवढेच, म्हणजे तिचे लाडके भाचे, त्यांना सगळं माफ. प्रवाळ म्हणजे एकत्र कुटुंब. दगडासारखं दिसतं, पण एकेका ठिपक्यात एकेक पॉलिप बसलेला. सगळ्यांच्या भिंती एक आणि पोटंही आतून जोडलेली. एकानं खाल्लं की शेजाऱ्याला पोचतं. “आणि दुसरं कुटुंब फार जवळ आलं,” मामा सांगायचा, “की लांब शुंडा काढून त्याला भाजून काढतात. आपल्याकडे निदान आधी बोलणी होतात.” एका उथळ टाकीत उलट्या जेलीफिश होत्या, पाय वर करून जन्मभर तळाशी पडून राहणाऱ्या. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न बनवून त्यांना पुरवतं. मामा त्यांच्याकडे बोट दाखवून माझ्याकडे बघायचा. मी काही विचारायचो नाही.

जेलीफिशला कोणी मासा म्हटलं की मात्र तो बिघडायचा. एका सहलीच्या बाईंना त्यानं दारातच अडवून, “मुलांना मासा म्हणून सांगितलंत, आता खरं सांगून मगच जा,” असं म्हटलं होतं.

तर टब धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब लख्ख फरशी बघून गेले आणि लगेच आमची शोधमोहीम सुरू झाली. एखादा जरी पॉलिप कुठं वाचला असेल तर त्याला खाऊ घालून पुन्हा वस्ती उभी करता येते. मी भिंग घेऊन झाकणांच्या खालच्या बाजू पाहिल्या, नळ्यांची तोंडं पाहिली, टाक्यांच्या मागच्या काचा पाहिल्या. मान इतकी आखडली की मी तीन दिवस सगळ्यांशी आदरानं वाकून बोलत होतो. पॉलिप एकही नाही. चौदाचे बारा झाले.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, “मामा, सांडव्याचं पिंप राहिलं.”

हे पिंप खोलीच्या खाली, अर्ध्या जमिनीत पुरलेलं. टबातलं जादा पाणी नळीनं त्यात उतरायचं, खाली गाळलं जायचं आणि पंपानं वर यायचं. मी टब धुतला ते पाणी मात्र मी थेट गटारात सोडलं होतं. म्हणजे पिंपाला व्हिनेगर लागलेलं नव्हतं.

“तिथं काही नाही,” मामा म्हणाला.

“पण पाणी तर टबातूनच...”

“मी पाहिलंय.”

“कधी?”

“तू जन्मायच्या आधी. चल, प्रवाळाची काच पूस.”

मला नवल वाटलं. पिंपावर मामाच्याच हातची पाटी होती, ‘झाकण उघडं ठेवून वाकू नये’. पंपवाल्याचं पेन एकदा आत पडलं तेव्हा मामानं त्याला सगळ्या स्टाफसमोर अर्धा तास सुनावलं होतं. पंपवाला अजून ते पाठ म्हणून दाखवतो. एवढ्या लाडक्या पिंपात बघायला मामाच नको म्हणत होता.

शनिवारी मामी डबा घेऊन आली. मामीचं या खोलीत एकाच जिवाशी वैर, आत्याशी. आल्या आल्या तिनं काचेसमोर उभं राहून नेहमीसारखं नाक मुरडलं.

“अजून पचले नाहीत का गं?” ती आत्याला म्हणाली.

मी मामाकडे पाहिलं. तो एकाएकी फार मन लावून डबा उघडायला लागला.

“काय पचले नाहीत मामी?”

“तुला नाही सांगितलं? दोन वर्षांपूर्वी तुझा मामा हिला खाऊ घालायला वाकला, शिंक आली आणि खालची कवळी हिच्या तोंडात पडली. गिळली भवानीनं. किती छान बसली होती ती कवळी. आता ही नवी. बोलताना शिट्टी वाजते यांची. परवा बसमध्ये कंडक्टरनं गाडी थांबवली.”

आता मी इथं गप्प बसायला हवं होतं. पण आठवडाभर मामानं मला बिनहाड्यांचं इतकं शिकवलं होतं की ते ऊतू जात होतं.

“मामी, पण समुद्रफूल कवळी ठेवणार नाही.”

“म्हणजे?”

“त्याला एकच तोंड असतं. खायचंही तिथूनच आणि बाहेर टाकायचंही तिथूनच. जे पचत नाही ते एक-दोन दिवसांत परत ओकून टाकतं.”

“एकच तोंड?”

“एकच.”

“आणि दोन दिवसांत बाहेर?”

“फार तर तीन.”

मामी हळूच मामाकडे वळली. मामानं घास तोंडात घातला होता, पण चावत नव्हता.

“अहो. मग माझ्या नवऱ्याचे दात दोन वर्षं कुठं आहेत?”

आत्याच्या टाकीतला पंप बुडबुड करत होता. मामानं घास गिळला. कवळी आधीच खिशात होती, त्यामुळे रागावायलाही काही उरलं नव्हतं.

“पिंपात,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“सांडव्याच्या. झाकण उघडं ठेवून वाकलो होतो.”

दारात पंपवाला पान्हा घेऊन उभा होता. देवाशपथ, एवढं समाधान मी माणसाच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा पाहिलंय.

“पेनाच्या नंतर की आधी?” त्यानं अगदी नम्रपणे विचारलं.

“नंतर. आठ दिवसांनी,” मामा म्हणाला. “काय तोंडानं सांगणार होतो?”

“बिनदातांच्या,” मामी म्हणाली. “आणि मी त्या बिचारीला दोन वर्षं शिव्या घालतेय.”

मामानं मग सगळं कबूल केलं. सगळे जेवायला गेले की तो जाळी, चुंबक, वाकवलेली तार असं काय काय घेऊन पिंपात गळ टाकत बसायचा. चुंबक कशाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पंपवाल्यानं बाह्या सरसावल्या. पिंप उपसायला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत मामाला ती पाटी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवण्यात आली. आधी पेन निघालं. मग तळाच्या जाळीपाशी काहीतरी गुलाबी दिसलं. मी पोटावर पडून हात खाली घातला.

“जपून,” मामी म्हणाली, “चावेल.”

कवळी पाण्याच्या भांड्यातच वर आणली. अख्खी होती, एकही दात हललेला नाही. पण हिरडीच्या आतल्या खोलगट अंगाला आणि दातांच्या फटीफटीत पांढरट लव आली होती. तीच, मी ज्याला बुरशी म्हटलं होतं ती. मी यावेळी तोंड उघडलं नाही. भिंग मामाच्या हातात दिलं.

मामा बराच वेळ वाकून बघत होता. मामी म्हणाली, “अहो, काय झालं? किडले का?”

“अडीचशे असतील,” मामा म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता. “माझ्या पटाशीच्या दातांवर नुसती गर्दी आहे.”

टबातून सुटलेले एखाद-दोन पॉलिप नळीतून खाली गेले असणार. चिकटायला कडक जागा हवी, वरून थोडा आडोसा हवा, आणि येणाऱ्या पाण्यातून उरलंसुरलं खाणं. मामाच्या तोंडासाठी मापानं बनवलेली ती वस्तू त्यांना घर म्हणूनही अगदी बरोबर बसली होती.

मामीनं मागूनच हात पुढे केला होता. “द्या इकडे, उकळून देते.”

मी आणि मामा एकदमच कवळीच्या आडवे आलो.

मग कवळी माशांच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये गेली, खालच्या कप्प्यात, समुद्राच्या पाण्याच्या काचेच्या भांड्यात. रोज मी त्यांना कोळंबीच्या जातीची नुकती निघालेली, डोळ्यांना धुळीसारखी दिसणारी पिल्लं खाऊ घालायचो. म्हणजे रोज सकाळी मी माझ्या मामाच्या दातांना ड्रॉपरनं भरवायचो, आणि मामा शेजारी बसून बिनदातांनी केळं खायचा. नवी कवळी त्यानं आता घालायचीच सोडली. जुनी सापडल्यावर नवीत परक्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं, असं म्हणाला.

टाकीतले बाराचे सात झाले. सातचे चार. साहेब एकदा येऊन टाकीकडे बघून गेले आणि बरोबर दुकानाची मापं घेणारा माणूस होता. त्यानं आत्यासमोर टेप धरला. आत्या मिटली. मामानं त्या दिवशी घरी जाताना फक्त फ्रिज एकदा उघडून बंद केला.

नवव्या आठवड्यात पहिला पॉलिप लांब झाला. मग त्याच्यावर चिरा पडल्या. मग दुसऱ्यावर. दहा दिवसांत डाव्या सुळ्यापासून उजव्या दाढेपर्यंत बारीक बारीक तांबूस बश्यांच्या चळती उभ्या राहिल्या आणि टोकाच्या बश्या धडधडायला लागल्या, सुटायच्या घाईत असल्यासारख्या.

साहेब मापं घेणाऱ्या माणसासकट पुन्हा आले ते मामाच्या निवृत्तीला बारा दिवस उरले असताना. गोल टाकीत दोनच म्हातारे फिरत होते. साहेब म्हणाले, “मग ठरलं.”

“दोन मिनिटं इकडे बघा साहेब,” मामा म्हणाला आणि भांडं दिव्याखाली ठेवलं.

“हे... दात आहेत का?”

“माझेच.”

साहेब भिंगावर वाकले. त्याच वेळी समोरच्या दातावरून एक बशी सुटली. आठ पाकळ्यांची, टाचणीच्या डोक्याएवढी चांदणी. एकदा आखडली, एकदा उमलली आणि चालू लागली. मग दुसरी. मग एकदम पाच. एक दाढेला अडकली होती, तिला सुटायला फार त्रास पडत होता, आणि साहेब दबक्या आवाजात तिला “हं, हं, आता” असं म्हणत होते. सुटली तेव्हा त्यांनी पाठीमागे न बघता माझा हात धरला. माझा की मापं घेणाऱ्याचा, याची त्यांना कल्पना नव्हती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. त्रेचाळीस मिनिटं. शार्कला नऊ.

खोली राहिली. कापडी मासे आता बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी विकतात. गोल टाकीत आज साठेक जेलीफिश आहेत, सगळे नर, सगळे मामाच्या खालच्या जबड्यातून आलेले. नवी फरशी लावून मी निळा टबही पुन्हा भरलाय. त्यावर माझ्या हातची पाटी आहे, ‘ही घाण नाही’. निवृत्तीच्या दिवशी मामीनं आत्यासमोर उभं राहून दोन मिनिटं काहीतरी पुटपुटलं. आत्या तेव्हा मिटलेली होती. मामा म्हणतो, रुसलीय, वेळ लागेल.

गोची एकच झाली. वस्ती टबात गेली की कवळी परत करीन, असा शब्द मी मामाला दिला होता. मी एकेक पॉलिप चिमट्यानं सोडवून टबात हलवतो, पण मागे जरा जरी कण राहिला तर त्यातून नवा उगवतो, आणि आठवड्यात दात पुन्हा भरलेले. शिवाय साहेबांनी ते भांडं आता दाराशी मांडलंय, वर दिवा लावून. लोक आधी तिथंच थांबतात. साहेब म्हणतात, ते आता संस्थेचं आहे.

मामा दर रविवारी येतो. आधी आत्याला भेटतो, एकत्र कुटुंबाची चौकशी करतो, उलट्या पडलेल्यांकडे बोट दाखवून माझ्याकडे बघतो. मग भांड्यासमोर उभा राहून काचेवर नखानं टकटक करतो.

“काय म्हणतायत?”

“मजेत. परवा चाळीस सुटल्या.”

“आणि माझे दात?”

“पुढच्या महिन्यात, मामा. नक्की.”

“हे तू सातव्यांदा म्हणतोयस,” मामा म्हणतो, आणि खिशातून केळं काढून सोलायला लागतो.